सातव्या खणावरचा लाल दिवा

भरमूला दिव्याचं वेड लागलं ते मष्णूच्या हातापायी. वेड चांगलं होतं की वाईट, हे आजही कुणाला धड सांगता यायचं नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. कंग्राळी बीके गावाहून सकाळी फटफटीवर यायचं, भट्टीच्या पॅनलवर एक नजर टाकायची, मग चहा. पॅनलवरचा लाल दिवा जळतोय म्हणजे आत करंट आहे, विझलाय म्हणजे नाही. एका दुपारी दिवा विझलेला बघून त्याच्या जोडीच्या मष्णूनं बिनधास्त आत हात घातला. करंट होता. गेला होता तो नुसता बल्ब! मष्णू जगला, पण उजवा हात मनगटापासून काढावा लागला. बल्ब तपासायचं काम भरमूचं होतं. त्याला कुणी शब्दानं बोललं नाही, मष्णूसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तेव्हापासून दिवा दिसला की तो तपासल्याशिवाय गड्याला चैन पडायची नाही. देवळातला, एसटीचा, शेजाऱ्याच्या मोटारीचा. घरी फ्रिजचं दार उघडून आतला दिवा लागतोय का बघत उभा राहायचा. बायको, जयाबाई, करवादायची, "अवो, काय काढायचं तर काढा की. नुसतं आ वासून बघतासा, गारवा जातोय सगळा!" तो दार लावायचा आणि खात्री करायला पुन्हा उघडायचा. हसू नका. ज्याच्या हातून असं काही घडलंय त्यालाच ते कळतं.

पुढं फाउंड्रीची भट्टी बंद पडली आणि पन्नाशीत भरमूला दुसरं काम शोधावं लागलं. ते मिळालं पोथी केंद्रात. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या जैन मंडळींनी ट्रस्ट काढून उद्यमबागेच्या कडेला, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर हे केंद्र थाटलं होतं. घराघरांतून, बस्तीबस्तीतून म्हणजे जैन देवळांतून हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्या पडून होत्या. कुणाच्या आज्यानं लिहिलेल्या, कुणाच्या पणज्यानं. त्यांच्या पानापानाचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि पोथी ज्याची त्याला परत करायची. हे सगळं एकटी ओढत होती ब्राह्मी, निपाणीची, पस्तिशीतली. घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं, त्यामुळं कुठल्याही गावात गेली तरी चार बायकांत बसून पोथी बाहेर काढायला लावायची. मोपेडच्या मागं स्कॅनर बांधून नऊ वर्षं हिंडली बाई. चारशे बारा पोथ्या झाल्या.

मग दोन हजार एकोणीसचा महापूर आला. वेदगंगा, दूधगंगा घराघरांत शिरल्या आणि परत दिलेल्या पोथ्यांतल्या एकसष्ट पोथ्या कपाटात भिजून लगदा झाल्या. आता त्या एकाच ठिकाणी उरल्या होत्या, केंद्रातल्या सर्व्हरच्या पेटीत. दुसऱ्या जागी दुसरी पेटी ठेवू या म्हणून ब्राह्मीनं चार अर्ज दिले. ट्रस्टी मंडळी भली होती, पण सावकाश. "बघू की आक्का, पर्युषण होऊ दे." पर्युषणं चार झाली, पेटी काही आली नाही.

त्या पेटीत बारा खण होते आणि प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. एक डिस्क मेली तरी उरलेल्या अकरा तिचं काम अंगावर घेतात, काही बिघडत नाही. मेलेली काढून तिथं नवी घालायची, की झालं. पण नवी घालायच्या आत दुसरी गेली तर सगळंच गेलं, चारशे बाराच्या चारशे बारा. ब्राह्मीनं हे भरमूला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो पेटीसमोर आला की चपला बाहेर काढायचा.

खरी अडचण वेगळीच होती. डिस्क मेली की सर्व्हर तिचा लांबलचक नंबर सांगायचा, पण ती कुठल्या खणात बसलीय ते सांगायचा नाही. नंबर डिस्कच्या कुशीवर मुंगीएवढ्या अक्षरात. तो वाचायचा तर सगळी पेटी बंद करा, एकेक डिस्क बाहेर ओढा, भिंग लावून वाचा. भरमू म्हणाला, हे काय काम आहे? एवढं अकलेचं यंत्र आणि त्याला साधा दिवा नाही?

दिवे त्यानं स्वतः लावले. बारा खणांवर बारा लाल दिवे, वायरी अशा नीट बांधलेल्या की बघत राहावं. बंगळुरात कॉम्प्युटरच्या कामाला असलेल्या पुतण्यानं, विक्रमनं, दोन रविवार बसून प्रोग्रॅम लिहून दिला. दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅम सर्व्हरला विचारणार, कोण आजारी आहे का? सर्व्हर नंबर सांगणार. मग प्रोग्रॅम भरमूनं करून दिलेल्या यादीत बघणार, हा नंबर कुठल्या खणात? आणि त्या खणावरचा दिवा आपोआप लागणार. जाताना विक्रम म्हणाला, "काका, डिस्क बदलली की यादी बदलायची. इसरू नकासा." भरमू म्हणाला, "आरं, मी इसरनार व्हय?"

वर्षभरात चौथ्या खणातली डिस्क मेली. चौथ्या खणावर दिवा लागला, भरमूनं ती गार पडलेली डिस्क काढली, नवी घातली, यादीत नवा नंबर लिहिला. पाच मिनिटांत काम फत्ते, पेटी बंदसुद्धा करावी लागली नाही. ट्रस्टनं शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. सगळे त्याला दिवेवाले अण्णा म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर गडी जरा फुगलाच. रोज सकाळी आला की एक बटण दाबायचा. बाराच्या बारा दिवे एकदम पेटायचे. बल्ब एकही गेलेला नाही, हे डोळ्यांनी बघून मगच तो खाली बसायचा. मष्णूच्या वेळी जे राहिलं ते तो आता रोज करत होता. दिवा लागतो का, एवढंच त्याला माहीत होतं. दिवा कुणाकडं बोट दाखवतोय, हे तपासावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

गेल्या खंडेनवमीला घोळ झाला. उद्यमबागेत त्या दिवशी एक यंत्र चालत नाही. लेथ धुवायचे, प्रेस पुसायचे, झेंडू बांधायचे, दारात कोहळा फोडायचा. केंद्रात ब्राह्मीनं कोहळ्याला नाही म्हटलं. कुंकू भरून कोहळा फोडायचा म्हणजे जीव मारल्यासारखंच की, आमच्यात चालत नाही. भरमू म्हणाला, कोहळा राहू दे, पण हत्याराची पूजा चुकवायची नाही. डिस्क हेच आपलं हत्यार. त्यानं पेटी रीतसर बंद केली, एकेक डिस्क काढली, मऊ फडक्यानं पुसली आणि धुतलेल्या पाटावर मांडली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशी वरची ओळ, तिच्याखाली पुढच्या चार, तिच्याखाली शेवटच्या चार. प्रत्येकीवर एक झेंडू. ट्रस्टी मंडळी प्रसादाला आली, फोटो झाले, कुणीतरी घाई केली, आणि पाटावर जशा दिसत होत्या तशाच डिस्क त्यानं पेटीत बसवल्या. तीन ओळी, ओळीला चार.

पण पेटीतले नंबर आडवे नव्हते, उभे होते. पहिला वर, दुसरा त्याच्याखाली, तिसरा तळाला, मग शेजारी वर चौथा. बारांपैकी पहिली आणि बारावी तेवढ्या आपापल्या घरी गेल्या. बाकीच्या दहा परक्या घरात जाऊन बसल्या.

आणि कळलं कुणालाच नाही! पेटी चालू केली, सर्व्हर सुरू झाला. कुठली डिस्क कुठल्या खणात आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो ज्याला त्याला नंबरावरून ओळखतो. ओळखत नव्हती ती एकटी भरमूची यादी. डिस्क बदलली की यादी बदलायची, हे त्याच्या ध्यानात होतं की. पण बदललं काय होतं? त्याच बारा डिस्क होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बटण दाबलं, बाराही दिवे लखलखीत पेटले आणि गडी समाधानानं चहा प्यायला गेला. असे तीन महिने गेले. रोज बटण, रोज दिवे, रोज चहा. कुणाला काही दुखलं नाही की खुपलं नाही.

जानेवारीत बाहुबली आप्पा आले. वेदगंगेच्या काठचे, ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झालेला. त्यांच्या वडिलांनी लिहिलेली एकशे शहाऐंशी पानांची पोथी पुरात गेली होती. शेवटच्या पानावर वडिलांनी आपलं नाव, गाव आणि एक ओळ लिहिली होती, ही पोथी चिरंजीव बाहुबलीला वाचायला लिहिली म्हणून. इतकी वर्षं मोतीबिंदूनं काही दिसत नव्हतं. आता दिसायला लागलं तर पोथी नाही. ब्राह्मीनं निरोप धाडला होता, आप्पा, या, तुमची पोथी आमच्याकडं आहे, छापून देते. म्हातारा सकाळच्या गाडीनं एकटा आला.

"आप्पा, शेवटचं पान आधी काढून देऊ का?" ब्राह्मीनं विचारलं. "बघून घ्या, मग बाकीची निघतील."

"नगं गं बाळ," आप्पा म्हणाले. "पोथी पयल्यापास्नं लावायची. शेवट आधी बघायचा न्हाय, असं बा म्हणायचा. निघू दे वळीनं. बाहेर बसतो मी."

ते बाहेरच्या बाकावर बसले. छपाई सुरू झाली. पंधरावीस पानं भराभर निघाली आणि मग एकाएकी यंत्र रडायला लागलं. एक पान यायला दोन-दोन मिनिटं. भरमूनं पेटीकडं बघितलं. सातव्या खणावर लाल दिवा लागला होता.

"आक्का, सातवी गेली बघा. तरीच सगळं हळू झालंय. थांबा, नवी घालतो, पाच मिन्टाचं काम."

ब्राह्मी खुर्चीतून उठली. "अण्णा, एक ऐका. आप्पांची छपाई होऊ दे. लागू दे किती वेळ लागतोय तो. मग पेटी बंद करू, नंबर वाचून खात्री करू आणि मग बदलू."

"आवो, अशानं संध्याकाळ होईल. म्हाताऱ्या माणसाला ताटकळत बसवायचं?"

"बसतील ते. माझं मन न्हाय घेत आज. एकसष्ट घरांचं हाय त्यात, अण्णा. दुसरीकडं कुठं न्हाय."

आता इथं भरमूनं ऐकायला हवं होतं. ती काही फार मागत नव्हती. पण गड्याला ते टोचलं. दिव्याच्या बाबतीत त्याला कुणी शंका घेतलेली खपायची नाही, आणि का खपायची नाही ते तुम्हाला माहीत आहेच. त्यातून बाहेर म्हातारा बसलेला. त्याला लवकर मोकळं करावं ही मायाही खरीच होती.

"नंबरच वाचायचा तर मग दिवे कशाला लावलं मी?" तो म्हणाला. "आज सकाळीच बगितलंय. बाराबी चालू हाईत. दिवा खोटं बोलत न्हाय, आक्का."

ब्राह्मी परत खुर्चीत बसली. नंतर ती स्वतःला याबद्दलच बोल लावत राहिली, की आपण हात धरून का थांबवलं नाही. पण वडीलधाऱ्या माणसाचा, चांगल्या माणसाचा हात असा कोण धरतं? भरमूनं कपाटातली नवी डिस्क आणून शेजारी ठेवली, हात पुसले, सातव्या खणाचा खटका दाबला आणि डिस्क ओढून घेतली.

डिस्क कोमट होती, आणि फिरत होती. आतून गुरगुरत होती, मनगटाला पीळ देत होती. चौथी मेली तेव्हा हातात दगडासारखी गार आली होती. ही जिवंत होती! बावीस वर्षं ज्यानं करंटात काम केलंय त्याच्या हाताला विचार करावा लागत नाही. मेलेलं म्हणून धरलेलं जिवंत लागलं की बोटं आपोआप उघडतात. त्याची उघडली. डिस्क खालच्या शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर आपटली.

पेटी ओरडायला लागली. प्रिंटर थांबला. ब्राह्मीच्या स्क्रीनवर पोथ्यांची यादी होती ती क्षणात कोरी झाली, आणि थोड्या वेळानं तिसऱ्या खणावरही लाल दिवा लागला. भरमूनं फरशीवरची डिस्क उचलून भिंगाखाली धरली. आपल्याच हातानं केलेल्या यादीत नंबर शोधला. तिसरी. सातव्या खणात तिसरी कशी? मग त्याला पाट आठवला, पाटावरच्या आडव्या ओळी आठवल्या, वरच्या ओळीतली तिसरी जागा म्हणजे पेटीतला सातवा खण. तो होता तिथं खाली बसला.

"कुठली काढली अण्णा?" ब्राह्मीचा आवाज फाटला होता.

"भलतीच," तो म्हणाला. "चांगली होती. मीच भलतीकडं बसीवली होती, खंडेनवमीला."

त्यानं ती परत खणात घातली. आतून आवाज आला, कट्, कट्, कट्, आणि थांबला. पुन्हा काढली, पुन्हा घातली. कट्, कट्. ब्राह्मीनं विक्रमला फोन लावला आणि भरमूच्या कानाशी धरला. विक्रमनं सगळं ऐकून घेतलं. "काका, नुसती काढली असती तर परत घालून जमवलं असतं," तो म्हणाला. "पडली म्हणतासा? फिरत असताना?" भरमूनं हूं म्हटलं. "आवाज येतोय म्हंजे आतली तबकडी खरवडली असणार. आता हात लावू नका कशाला. बंगळुरात एक जण असली कामं करतो, त्याला दावू. पण काका, आस धरू नकासा."

ब्राह्मी रडली नाही आधी. कोऱ्या स्क्रीनवर बोट फिरवत एकेका गावाचं नाव घेत राहिली, कुठल्या घरात कुणी चहा दिला, कुणी पोथीला हात लावायच्या आधी आंघोळ करून ये म्हणून परत धाडलं. मग एकदम टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. "नऊ वर्षं, अण्णा. ह्यांस्नी काय सांगू मी आता? तुमची पोथी हाय म्हणून मीच सांगितलंय समद्यांस्नी." भरमूला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण त्या हाताची त्याला लाज वाटली.

बाहेर आप्पा खोकले. भिंतीपलीकडचं त्यांना काही कळलं नव्हतं. कानानं कमीच ऐकू यायचं.

"मी जाते," ब्राह्मी डोळे पुसत म्हणाली, पण उठता येईना.

"तुमी बसा. माझं हाय ते."

प्रिंटरमध्ये निघालेली पानं त्यानं मोजली नाहीत, तशीच गोळा केली आणि बाहेर गेला. एकशे शहाऐंशीतली कशीबशी विसाच्या आसपास असतील. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, मग डोळ्यांजवळ नेली. नव्या डोळ्यांना वडिलांचं अक्षर दिसलं आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला.

"बाचंच अक्षर. हे बघ, र कसा लिवलाय. हातात जोर होता त्याच्या." मग त्यांनी पानं उलटून शेवटचं बघितलं, आणि वर बघितलं. "म्होरली?"

भरमू त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. उभं राहून सांगणं त्याला जमेना. "आप्पा, माझ्या हातनं चूक झाली. एक डिस्क खराब झालती, ती काढायची होती. मी भलतीच काढली."

आप्पांनी कानामागं हात धरून ऐकलं. भरमूचे डोळे भरलेले बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पुढं वाकून त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"आरं, मग रडतोस कशापायी? चुकतंय की माणूस. भलती काढलीस, तर आता बरोबरची काढ."

भरमू तसाच जमिनीवर बसून राहिला.

"काढ जा," आप्पा म्हणाले आणि मांडीवरची पानं नीट सारखी करून बाकावर टेकून बसले. "सावकाश काढ. माझी गाडी सांजच्याला सहाची हाय."